परवडणारे हायलायटर पॅलेट पारखून घेण्याची रीत

पुण्याच्या तुळशीबागेत, दादरच्या बाजारात किंवा तालुक्याच्या गावातल्या कटलरीच्या दुकानात आज ३०० ते ६०० रुपयांत चार-सहा शेड्सचे हायलायटर पॅलेट सहज मिळते. हायलायटर म्हणजे गालाच्या हाडासारखे चेहऱ्यावरचे उंचवटे उजळवणारे चमकदार प्रसाधन आणि पॅलेट म्हणजे त्याच्या अनेक शेड्सची एक डबी. स्विस ब्यूटी, मार्स, इनसाइट यांसारख्या कंपन्यांमुळे ही वस्तू कॉलेजच्या मुलींच्या आणि पहिल्या पगारातून खरेदी करणाऱ्यांच्या आवाक्यात आली, ही मला मनापासून चांगली गोष्ट वाटते. मात्र ते निवडण्याची आपली नेहमीची पद्धत फार तोकडी आहे. बोट कप्प्यावर फिरवायचे, हाताच्या पाठीवर रेघ ओढायची आणि ती ट्यूबलाइटखाली झगझगली की पैसे द्यायचे. या परीक्षेत जवळजवळ प्रत्येक हायलायटर उत्तीर्ण होतो, कारण बोटाची ऊब आणि बोटावरचे तेल चमकदार कणांना त्वचेवर सपाट दाबून बसवते, हाताच्या पाठीवर गालासारखी रंध्रे नसतात आणि दुकानाच्या दिव्यांत झगझगाट हाच गुण भासतो. चेहऱ्यावर मात्र त्याच पावडरीला सनस्क्रीन आणि फाउंडेशनच्या थरावर ब्रशने बसून घामात आणि उन्हात सहा-सात तास काढायचे असतात.

हे मी एका साखरपुड्यात शिकले. आतेबहिणीचा मेकअप माझ्याकडे होता आणि आदल्या दिवशी घेतलेले पॅलेट मी थेट तिच्या चेहऱ्यावर वापरले. घरातल्या आरशात ती फार सुरेख दिसत होती. दुपारी अंगणात फोटो काढायला उभे राहिल्यावर गालावर, हनुवटीवर आणि गळ्यापर्यंत सुटे सुटे चमकीचे ठिपके पसरलेले दिसले आणि ते पुसायला जावे तर खालचे फाउंडेशन निघू लागले. त्या दिवसानंतर नवे पॅलेट आठवडाभर स्वतःवर तपासल्याशिवाय मी दुसऱ्या कोणाच्या चेहऱ्याला लावलेले नाही. त्या तपासणीची रीत येथे सविस्तर देते.

चमक कुठून येते

पावडर हायलायटरचा मुख्य घटक अभ्रक आहे. अभ्रकाचे अतिशय पातळ पापुद्रे दळून त्यांवर टायटॅनियम डायऑक्साइडचा, नॅनोमीटरमध्ये मोजावा इतका पातळ थर चढवतात. प्रकाश या थराच्या वरच्या आणि खालच्या अशा दोन्ही पृष्ठभागांवरून परततो, त्या किरणांचा मेळ बसतो आणि मोत्यासारखी तकाकी दिसते. थराची जाडी थोडी वाढवली की रुपेरी चमक सोनेरी होते, आणखी वाढवली की गुलाबी, मग निळसर, मग हिरवट होते. टायटॅनियमऐवजी आयर्न ऑक्साइडचा थर दिला की तांबूस आणि ब्रॉन्झ छटा मिळतात. कृत्रिम अभ्रक नैसर्गिक अभ्रकापेक्षा स्वच्छ आणि पारदर्शक असते, त्यामुळे त्याची चमक अधिक उजळ येते. काही पॅलेटांत बोरोसिलिकेट काचेचे सूक्ष्म पापुद्रेही असतात आणि ते ठळक लुकलुकतात.

चमकेचे रूप कणाच्या आकारावर ठरते. साधारण ५ ते २५ मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कण रेशमी तकाकी देतात, १० ते ६० मायक्रॉनचे कण मोत्याची चमक देतात आणि १०० मायक्रॉनच्या पुढचे कण डोळ्याला एकेक करून दिसतात, म्हणजे ती चमकीच झाली. गालासाठी आपल्याला पहिले दोन प्रकार हवे असतात. अभ्रकाबरोबर शंखजिऱ्याची म्हणजे टाल्कची पूड, मॅग्नेशियम स्टिअरेटसारखे चिकटवणारे द्रव्य आणि थोडे सिलिकोन किंवा तेल असते. ही सगळी पूड धातूच्या छोट्या कप्प्यात दाबून बसवतात.

हे समजून घेतले की स्वस्त पॅलेट चांगले का असू शकते, हेही उमगते. मूळ घटक महागड्या पॅलेटातही हेच असतात आणि ते दुर्मीळ नाहीत. किंमत उतरवताना हात आखडता घेतला जातो तो बहुतेक करून कणांच्या निवडीत, चिकटवणाऱ्या द्रव्याच्या प्रमाणात आणि डबीत. म्हणून आपली तपासणीही तिथेच रोखलेली असावी: कण बारीक आहेत का, पावडर त्वचेला धरून राहते का आणि एकाच पॅलेटातल्या सगळ्या शेड्स सारख्याच प्रतीच्या आहेत का. शेवटचा प्रश्न सर्वांत जास्त दुर्लक्षिला जातो. सहा शेड्सपैकी दोन उत्तम, दोन बऱ्या आणि दोन निव्वळ खडूसारख्या, असे स्वस्त पॅलेटांत वारंवार आढळते. आपल्याला नेमक्या हव्या असलेल्या दोन शेड्स चांगल्या असतील तर पॅलेट घेण्याजोगे आहे.

खोक्यावरचा मजकूर

दुकानात पॅलेट उघडण्याआधी खोके उलटे करून वाचावे. भारतात तयार झालेल्या सौंदर्यप्रसाधनावर उत्पादकाचे नाव व पत्ता, उत्पादन परवान्याचा क्रमांक, बॅच क्रमांक आणि वापराची मुदत छापलेली असायला हवी. आयात केलेल्या मालावर आयातदाराचे नाव, पत्ता आणि नोंदणी प्रमाणपत्राचा क्रमांक हवा. हे नियम २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांत एकत्र केलेले आहेत आणि त्याच नियमांनुसार रंगद्रव्यांतील शिशाचे व आर्सेनिकचे प्रमाणही मर्यादित ठेवावे लागते. परवाना क्रमांक किंवा आयातदार यांपैकी काहीच छापलेले नसेल तर हे नियम पाळले गेले की नाही, हे कळायला मार्ग उरत नाही. अशा वेळी पॅलेट कितीही देखणे असले तरी ते परत ठेवावे. परदेशी नामांकित पॅलेटाची हुबेहूब नक्कल १५० रुपयांत मिळते आहे आणि खोक्यावर इंग्रजी स्पेलिंगच चुकलेले आहे, असे दिसले तर विचार करण्याचीही गरज नाही. ही पावडर डोळ्यांच्या आणि ओठांच्या अगदी जवळ जाणार असते.

घटकांची यादी प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने असते. एक टक्का किंवा त्याहून कमी असलेले घटक शेवटी कोणत्याही क्रमाने दिलेले चालतात. अभ्रक, म्हणजे ‘मायका’ किंवा ‘सीआय ७७०१९’ (सीआय म्हणजे कलर इंडेक्स, रंगद्रव्यांच्या यादीतला क्रमांक), आणि कृत्रिम अभ्रक, म्हणजे ‘सिंथेटिक फ्लोरफ्लॉगोपाइट’, ही नावे यादीच्या आरंभी असतील तर ते चांगले लक्षण समजावे. टाल्क सर्वांत पुढे असले म्हणून पॅलेट वाईट ठरत नाही, फक्त चमक सौम्य असण्याची शक्यता वाढते. सीआय ७७८९१ म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइड आणि ७७४९१, ७७४९२, ७७४९९ हे अनुक्रमे लाल, पिवळे व काळे आयर्न ऑक्साइड. यादीच्या शेवटी अधिक-उणे चिन्हानंतर जे रंग दिलेले असतात ते प्रत्येक शेडमध्ये असतीलच असे नसते, कारण पूर्ण पॅलेटासाठी एकच यादी छापलेली असते.

तीन नावे मात्र मुद्दाम शोधावीत. पहिले नाव सीआय ७५४७०, म्हणजे कारमाइन. हा लाल-गुलाबी रंग कोचिनियल नावाच्या किड्यापासून काढतात. शाकाहार कटाक्षाने पाळणाऱ्यांच्या घरी भेट द्यायची असेल तर हे आधी पाहून घ्यावे. दुसरे नाव पॉलिएथिलीन टेरेफ्थॅलेट. ते असेल तर त्या पॅलेटात प्लास्टिकची चमकी आहे. युरोपीय संघाने २०२३ मध्ये सुट्या प्लास्टिक चमकीच्या विक्रीवर निर्बंध घातले, त्यामागे ही चमकी धुतल्यावर पाण्यातून पुढे जाऊन पर्यावरणात साचून राहते हे कारण होते. तिसरे ‘परफ्यूम’ किंवा ‘फ्रॅग्रन्स’. संवेदनशील त्वचेला पुष्कळदा सुगंधी द्रव्यानेच खाज सुटते आणि हायलायटरला वास असण्याची काही एक गरज नाही.

अभ्रकाबद्दल आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. आपल्या देशातले अभ्रक मोठ्या प्रमाणावर झारखंडच्या कोडरमा आणि गिरिडीह भागातून येते. तेथील सोडून दिलेल्या खाणींच्या ढिगाऱ्यांतून लहान मुले अभ्रकाचे तुकडे वेचतात, हे अनेक वर्षे उघड आहे. या पुरवठ्याची जबाबदारी घेण्यासाठी २०१७ मध्ये ‘रिस्पॉन्सिबल मायका इनिशिएटिव्ह’ ही संस्था स्थापन झाली. कंपनी तिची सदस्य आहे का किंवा ती कृत्रिम अभ्रक वापरते का, याची माहिती संकेतस्थळावर शोधता येते आणि दोन पॅलेटांमध्ये मन अडले असेल तेव्हा मी निवड याच माहितीवरून करते.

शेड निवडताना

आपल्याकडच्या गव्हाळ, सावळ्या आणि गडद वर्णांवर सोनेरी, शॅम्पेन (फिकट सोनेरी), पीच, रोझ-गोल्ड आणि ब्रॉन्झ या छटा मिसळून जातात. पांढरट रुपेरी शेड सावळ्या गालावर राखाडी दिसते, कारण चमकेच्या खाली तिचा पांढरा रंगही असतो आणि तो त्वचेवर उतरतो. नियम सोपा आहे. हायलायटरचा मूळ रंग, म्हणजे चमक वगळून उरणारा रंग, आपल्या त्वचेपेक्षा एखादीच छटा उजळ असावा. तो ओळखण्यासाठी रेघ ओढलेला हात प्रकाशाकडे पाठ करून सावलीत धरावा. सावलीत रेघ जवळजवळ दिसेनाशी झाली आणि हात वळवताच चमकली, तर शेड आपली आहे. सावलीतही खडूचा पट्टा दिसत राहिला तर ती गालासाठी नाही. गडद वर्णाच्या मैत्रिणींना दुकानदार अजूनही सवयीने सर्वांत फिकट शेड पुढे करतात. त्यांनी न संकोचता तांबूस आणि खोल सोनेरी शेड मागावी, त्या त्वचेवर तिच्याइतकी सुंदर झळाळी दुसऱ्या कशाचीच येत नाही.

अंडरटोन म्हणजे त्वचेची आतली झाक. उन्हात मनगटाच्या आतील शिरा हिरवट भासत असतील तर झाक उबदार, निळसर-जांभळ्या भासत असतील तर थंड, असा ढोबळ ठोकताळा सांगितला जातो. गडद वर्णावर शिरा नीट दिसत नाहीत, तेव्हा तो फारसा उपयोगी पडत नाही. त्याऐवजी चेहऱ्याजवळ एकदा सोन्याचा आणि एकदा चांदीचा दागिना धरून पाहावा. सोने खुलत असेल तर सोनेरी-पीच आणि चांदी खुलत असेल तर गुलाबी-मोतिया शेडपासून सुरुवात करावी. दोन्ही खुलत असतील तर शॅम्पेन.

दुकानातील तपासणी

दुकानातला टेस्टर, म्हणजे वापरून पाहण्यासाठी उघडा ठेवलेला नमुना, अनेक हातांतून गेलेला असतो. तो डोळ्यांना, ओठांना किंवा फुटलेल्या मुरुमांना कधीही लावू नये, हनुवटीखाली किंवा मनगटाच्या आतल्या बाजूला लावावा. पर्समध्ये स्वतःचा एक छोटा मऊ ब्रश ठेवावा, कारण चेहऱ्यावर आपण ब्रशच वापरणार असतो. वरचा थर टिश्यूने हलका पुसून ब्रश दोनदा फिरवावा आणि मनगटावर एकच हात द्यावा. एका हातात चमक उमटली तर पावडर चांगली दाबलेली आणि चांगली दळलेली आहे. चार-पाचदा घासूनही काही उमटत नसेल तर कप्पा कडक झालेला आहे आणि ब्रश टेकताच पुडीचा ढीग पडत असेल तर चिकटवणारे द्रव्य कमी आहे, असे पॅलेट पर्समध्ये प्रवासातच फुटते.

यानंतर दुकानाच्या दाराशी, दिवसाच्या उजेडात यावे. डोळ्यापासून वीतभर अंतरावर मनगट धरून पाहिले असता तकाकी सलग दिसते की वेगवेगळे ठिपके दिसतात, हे पाहावे. मग कोरड्या टिश्यूने रेघेवरून एकदा हलकेच फिरवावे. सलग तकाकी थोडी मंद होऊन टिकून राहिली तर ती त्वचेला धरून आहे, पावडर निघून गेली आणि फक्त ठिपके उरले तर गालावरही दोन तासांनी तेच होणार. घाई नसेल तर दहा-पंधरा मिनिटे बाजारात फिरून येऊन पुन्हा पाहावे. एवढ्यावर निर्णय घ्यायला हरकत नाही. ऑनलाइन मागवणाऱ्यांना ही सोय नसते. त्यांनी आपल्याच वर्णाच्या व्यक्तीने दिवसाच्या उजेडात काढलेली छायाचित्रे शोधावीत आणि फिल्टर लावलेल्या व्हिडिओवर विसंबू नये.

घरी आणल्यावरचा पहिला आठवडा

पहिले सात दिवस पॅलेट चेहऱ्यावर नको. कोपराच्या आतल्या बाजूला नाण्याएवढ्या जागेवर, वापरायच्या असलेल्या शेड्स सकाळ-संध्याकाळ लावाव्यात. खाज, लाली, पुरळ किंवा जळजळ झाली तर लगेच धुवावे आणि ते पॅलेट वापरू नये. त्रास ओसरला नाही तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे आणि खोके फेकू नये, घटकांची यादी त्यांना उपयोगी पडते. अनेकींना हे सात दिवस लांबण वाटतात. लग्न पंधरा दिवसांवर असताना चेहऱ्यावर पुरळ उठण्यापेक्षा ते नक्कीच परवडतात.

त्यानंतर सुटीचा एक दिवस निवडावा, ज्या दिवशी बाहेर कुठे जायचे नाही आणि घरातली कामे नेहमीसारखी करायची आहेत. सकाळी चेहरा धुऊन मॉइश्चरायझर लावावे, ते मुरल्यावर सनस्क्रीन लावून दहा मिनिटे थांबावे. एका गालावर फक्त एवढेच ठेवावे आणि दुसऱ्या गालावर आपले नेहमीचे फाउंडेशन आणि कॉम्पॅक्ट, म्हणजे दाबून बसवलेली फेस पावडर, लावावी. आता एकच शेड दोन्ही गालांवर लावायची. यामुळे दोष हायलायटरचा आहे की त्याच्या खालच्या बेसचा, हे एकाच दिवसात कळते. पावडर हायलायटर नेहमी कोरड्या, कॉम्पॅक्टने बसवलेल्या थरावर किंवा पूर्ण मुरलेल्या सनस्क्रीनवर लावावा. ओलसर फाउंडेशनवर तो डाग धरतो आणि मग कितीही ब्लेंड केला तरी पसरत नाही. क्रीम हायलायटरचे उलट आहे, तो कॉम्पॅक्टच्या आधी येतो.

लावण्याची जागा स्वतःच्या चेहऱ्यावर शोधावी लागते. खिडकीसमोर उभे राहून चेहरा हळूहळू पाऊण वळवावा. गालाच्या हाडावर जिथे आपोआप उजेड पडतो तो पट्टा डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याखालून कानशिलाकडे वर चढत जातो. हायलायटर तेवढ्याच पट्ट्यावर द्यावा. नाकाच्या रेषेखाली आणि गालाच्या फुगीर मध्यभागी तो उतरू देऊ नये, कारण तिथे रंध्रे मोठी असतात आणि चमक त्यांना ठळक करते. ब्रश लहान, निमुळता आणि मऊ असावा. पंख्यासारखा पसरट फॅन ब्रश असल्यास सौम्य परिणामासाठी तो उत्तम. पावडर घेतल्यावर ब्रश मनगटावर एकदा झटकावा, मग पट्ट्याच्या मध्यापासून सुरुवात करून दोन्ही टोकांकडे नेत विरवावा, म्हणजे चमक कुठे संपली हे दिसू नये. पहिला हात अगदी कमी द्यावा. आणखी लावणे केव्हाही शक्य असते, लावलेले काढणे मात्र खालच्या थरासह होते. चुकून जास्त झालेच तर ज्या ब्रशने फाउंडेशन लावले तोच, वेगळे काही न घेता, त्यावर हलके टेकवावा.

भुवईच्या हाडाखाली, नाकाच्या दांड्यावर, वरच्या ओठाच्या मधल्या खाचेवर आणि डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यात किंचित हायलायटर देण्याची रीत आहे. या जागा दुसऱ्या दिवसासाठी ठेवाव्यात. नाकावर लावताना शेंडा मोकळा सोडावा, कारण तिथे आधीच तेल येते. नथ घालायची असेल तर नाकपुडीजवळचा भागही मोकळाच बरा. नथीच्या मोत्यांची स्वतःची चमक असते, तिच्या शेजारी हायलायटर आला की दोन्ही फिके पडतात, आणि नथ सारखी करताना बोट लागून तिथला मेकअप हमखास निघतो. डोळ्यांच्या कोपऱ्यात फक्त सर्वांत बारीक कणांची शेड वापरावी. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांनी लेन्स आधी घालावी आणि नंतर मेकअप करावा. खोक्यावर डोळ्यांभोवती वापरू नये अशी सूचना असेल तर ती तंतोतंत पाळावी, आणि हस्तकलेची चमकी डोळ्यांजवळ कधीच नेऊ नये.

लावून झाल्यावर वेळ नोंदवावी आणि चार छायाचित्रे काढावीत: खिडकीशी, बाहेर थेट उन्हात, रात्रीच्या दिव्यात आणि अंधाऱ्या खोलीत फ्लॅश मारून. ही कटकट वाटेल, पण पुढचे निर्णय याच चित्रांवरून होतात. उन्हातल्या चित्रात कणांचा खरा आकार कळतो. फ्लॅशच्या चित्रात गालावर पांढरा डाग दिसला तर त्याला हायलायटरइतकेच सनस्क्रीनमधील टायटॅनियम किंवा झिंक ऑक्साइड आणि कॉम्पॅक्टमधील सिलिका कारणीभूत असू शकते. म्हणून दोन्ही गाल तुलनेने पाहावेत. डाग फक्त फाउंडेशनच्या बाजूला असेल तर कॉम्पॅक्ट बदलावी आणि दोन्हीकडे असेल तर रात्रीच्या समारंभासाठी शेड किंवा सनस्क्रीन यांपैकी एक बदलून पुन्हा पाहावे. पुढे दोन तासांनी आणि सहा तासांनी पुन्हा खिडकीशी यावे. पट्टा जागेवर आहे का, कण खाली हनुवटीपर्यंत ओघळले आहेत का, गाल नुसता तेलकट दिसतो आहे का, एवढे तीन प्रश्न पुरेत. रात्री मायसेलर वॉटर किंवा क्लेन्झिंग बाम यांसारख्या मेकअप उतरवणाऱ्या द्रव्याने पुसून मग चेहरा धुवावा आणि सकाळी उशीच्या अभ्र्यावर चमकी सापडते का, तेही पाहावे. सापडली तर कण मोठे आहेत.

त्वचेप्रमाणे आणि हवेप्रमाणे बदल

हायलायटर उंचवटा उजळतो, मग तो गालाच्या हाडाचा असो वा मुरुमाचा. मुरुमे किंवा त्यांचे खड्डे असलेल्या भागावर तो लावू नये. कानशिलाजवळचा, बहुधा स्वच्छ राहणारा भाग निवडावा आणि पट्टा अर्धाच ठेवावा. तेलकट त्वचेला दुपारनंतर स्वतःची चकाकी येतेच, म्हणून तिथे रेशमी शेड, तीही कॉम्पॅक्टच्या थरावर, आणि तीही नेहमीपेक्षा निम्मीच लावावी. कोरड्या त्वचेवर पावडर सोलपटांत अडकून बसते. तिला आधी मॉइश्चरायझर भरपूर लागते आणि नाकाभोवती सोलपटे असतील त्या दिवशी हायलायटर टाळलेला बरा. चाळिशीनंतर डोळ्यांच्या कोपऱ्यातल्या बारीक सुरकुत्यांत मोठे कण शिरून त्या खोल भासतात, त्यामुळे पट्टा डोळ्यापासून बोटभर दूर ठेवून बारीक कणांची शेड वापरावी. माझी आई साठीत आहे आणि फक्त पीच रंगाची शेड कानशिलाजवळ दोन बोटे लावते. तिला ती फार शोभते.

मुंबई, ठाणे, कोकण आणि गोव्याच्या दमट हवेत घामाबरोबर पावडर सरकते. तिथे हायलायटरवर सेटिंग स्प्रे, म्हणजे मेकअप टिकवणारा फवारा, हातभर अंतरावरून मारावा, वाळू द्यावा आणि घाम पुसताना रुमाल घासण्याऐवजी टिपून घ्यावा. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात त्रास वेगळा असतो. हवा कोरडी, त्वचा ताणलेली आणि ऊन इतके प्रखर की घरात सौम्य वाटलेली शेडसुद्धा उघड्यावर झगमगते. दिवसाच्या लग्नाला तेथे घरातल्या आरशात जवळजवळ न दिसणारे प्रमाणच योग्य ठरते. गरब्याच्या रात्री मात्र दिवे लांब असतात, नाचताना चेहरा सतत हलत असतो आणि थोडी ठळक शेड खुलून दिसते. हळदीच्या कार्यक्रमात चेहऱ्याला हळद लागणारच, तेव्हा नवरीला हायलायटर लावण्याचे काही कारण नाही.

उरलेल्या शेड्सचे काय करावे

गालाला न शोभणारी रुपेरी शेड पापणीच्या मध्यभागी बोटाने टेकवली की सुंदर दिसते, कारण तिथे खाली आयशॅडोचा गडद रंग असतो. ब्रॉन्झ शेड मॉइश्चरायझरच्या थेंबात मिसळून गळपट्टीच्या हाडांवर आणि खांद्यांवर लावता येते. खोल गळ्याच्या ब्लाउजबरोबर ती चांगली दिसते, फक्त ब्लाउजच्या काठाला लागणार नाही इतकी वर थांबावी. फिकट पीच शेड ब्लशवर हलकीच फिरवली तर गालाचा रंग ताजा दिसतो.

एखादी शेड फार मंद असेल तर ब्रश सेटिंग स्प्रेने किंचित ओलसर करून मग पावडर घ्यावी. कण एकमेकांना धरतात आणि चमक दुपटीने वाढल्यासारखी वाटते. स्प्रे कप्प्यावर थेट मारू नये, त्याने पावडरीचा वरचा थर घट्ट होतो. रोजच्या वापरात ब्रशमधले तेल लागूनही कप्प्यावर असा चकचकीत, कडक पापुद्रा चढतो आणि पावडर निघेनाशी होते. तेव्हा पॅलेट खराब झाले असे समजून टाकून देऊ नये. चिकटपट्टीचा तुकडा त्यावर हलका दाबून उचलावा, पापुद्रा निघून येतो. कप्पा फुटला असेल तर तुकडे बारीक चुरावेत, ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलचे थोडे थेंब टाकून लगदा करावा, वर टिश्यू ठेवून नाण्याने सपाट दाबावे आणि झाकण उघडे ठेवून दिवसभर वाळवावे. पावडर पूर्वीइतकी मऊ राहत नाही, पण वापरता येते. हे काम गॅस, निरांजन किंवा उदबत्तीजवळ करू नये, अल्कोहोल चटकन पेट घेते.

ब्रश दर आठवड्याला सौम्य शाम्पूने धुवावा आणि केस खालच्या दिशेला राहतील असा आडवा-तिरपा वाळवावा, म्हणजे पाणी दांड्यात शिरणार नाही. डोळे आलेले असताना किंवा ओठाला फोड असताना पॅलेट वापरू नये आणि ते मैत्रिणीच्या ब्रशलाही लावू देऊ नये. कोरड्या पावडरीत जंतू सहसा कमी वाढतात, परंतु पावसाळ्यात बाथरूमच्या फळीवर ठेवलेले पॅलेट ओल धरते, म्हणून ते कपाटात ठेवावे. खोक्यावर उघड्या डबीचे चिन्ह असते आणि त्यात १२ किंवा २४ असा आकडा असतो. उघडल्यापासून तितके महिने ते वापरायचे. आपण खोके टाकून देतो आणि तारीख विसरतो, म्हणून पॅलेट पहिल्यांदा उघडताच त्याच्या पाठीवर पक्क्या शाईच्या पेनाने महिना आणि वर्ष लिहावे. त्याखाली आठवडाभराच्या तपासणीत पसंत पडलेल्या शेड्सचे क्रमांकही लिहून ठेवावेत.